रस बोलतो तोवर

१

पेवातून वर काढलेल्या गेनबाच्या कपड्यांना द्राक्षाच्या दारूचा वास येत होता, आणि तेवढ्या वासावर विंझर गावानं निकाल देऊन टाकला होता.

हवालदार आनंदराव वेल्ह्याहून सायकल मारत पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सदुसष्ट सालचा मार्च महिना, ऊन मी म्हणत होतं. कोंडिबाच्या गोठ्याच्या पडवीत प्रेत घोंगडीवर निजवलेलं होतं आणि दोन हातांवर पेवाचं तोंड उघडं होतं. धान्य साठवायची ही जमिनीखालची जागा. वर जेमतेम एक माणूस उतरेल एवढं तोंड, खाली पोट सुटलेलं, दीड पुरुष खोल. वर पडवीचं छप्पर असल्यानं आत भरदुपारीसुद्धा काळोख. या पेवानं चार वर्षांत धान्याचा दाणा पाहिला नव्हता. त्यात रतन आपल्या बरण्या ठेवायची.

रतन म्हणजे कोंडिबाच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं पुण्याच्या कॅम्पात एका गोव्याकडच्या मडमेच्या घरी स्वयंपाक केला. मडम वारली, रतन गावी परतली आणि येताना एक विद्या घेऊन आली. दुकानातल्या बाटलीबंद रसाची वाइन करायची. कॅम्पातली जुनी घरं सणाला, लग्नाला तिच्याकडूनच मागवत. दारूबंदीचा कायदा होता. पण गावाला ठाऊक होतं आणि आनंदरावांनाही ठाऊक होतं. वीस वर्षं हातभट्ट्या फोडणाऱ्या या माणसानं रतनच्या बरण्यांकडं मात्र कानाडोळा केला होता. तो कानाडोळा आज आपल्याला भोवणार, हे त्यांना प्रेत पाहताच कळलं.

"तिच्या दारूनं माणूस मारला बघा, हवालदार," कोंडिबा म्हणाला. "चोरून प्याय उतरलं म्हातारं आन् तितंच आडवं झालं. आज गेनबा गेला, उद्या कोन?"

मागं उभी असलेली माणसं गुरगुरली. रतन नसरापूरच्या बाजाराहून दोनच्या एस्टीनं उतरली ती थेट त्यांच्या हातात सापडली होती. तिला तिच्याच खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. फौजदारसाहेबांची जीप दिवस मावळायच्या आत येणार होती. विषारी दारूचं प्रकरण म्हटल्यावर साहेब बाईला घेऊन जातील आणि मग तिची सुटका अवघड, हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती.

आनंदराव गुडघ्यावर बसले. सदरा पाठीकडून भिजला होता, पुढून कोरडा होता. उजव्या मनगटाला सुतळीचा एक वेढा होता, घट्ट गाठीचा, टोक कापलेलं. कुठल्या भगताचा गंडा असेल असं समजून त्यांनी तो सोडून दिला. त्या दिवसाची ती त्यांची चूक.

मग त्यांनी जबडा उघडून नाक जवळ नेलं. वीस वर्षांत या नाकाला दारूनं कधी फसवलं नव्हतं.

तोंडाला दारूचा वास नव्हता. डाव्या गालात भाकरीचा घास होता, अर्धवट चावलेला.

२

कोंडिबानं त्यांना आपल्या ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ पुढं केला. पन्नाशीचा, हातापायानं दणकट, बोलायला गोड माणूस.

"कसं सापडलं सांग."

"म्या रानात व्हतो. बारा वाजता जनावरास्नी पानी दावाय आलो. बघतो तर पेवाच्या तोंडावरची दगडी फाडी बाजूला सारलेली. म्हनलं, वैनी तर बाजारला गेलीया, मग कोन? हाक मारली. वो न्हाई."

"मग उतरलास?"

"छ्या! आंधळ्यावानी पेवात उतरायला म्या काय खुळा हाय? बापजाद्यांची रीत हाय आमच्यात. आधी कंदील, मग पाय. पडवीतला कंदील लावला, दोरीला बांधला, सोडला पार तळापतोर. त्येच्या उजेडात दिसलं म्हातारं. बरनी फुटलेली आन् ह्यो उताना पडल्याला. पिऊन पडलेला गडी मंग म्या एकटा कसा काढू? गळ टाकला आन् सर्जेरावाला हाक मारली."

सांगण्यात कुठं अडखळ नव्हती. आनंदराव ऐकत होते आणि त्यांची नजर ओसरीच्या खांबावर होती. खांबावरून मुंग्यांची एक रांग वर चढत माळ्यावर गेली होती.

"माळ्यावर गूळ ठेवलास काय रे?"

कोंडिबानं वर पाहिलं. "कारभारनीनं ठेवला आसंल. लई झाल्यात औंदा मुंग्या."

गूळ तर समोर ताटलीत होता, तिकडं एकही मुंगी फिरकत नव्हती. पण उन्हानं आणि सायकलीनं आनंदराव दमले होते आणि त्यांच्या डोक्यात जमिनीचा वाद घोळत होता. भोरच्या कोर्टात रतनचा दावा चालू होता. ओढ्याकडची दोन एकर नवऱ्याच्या वाटणीची, असं तिचं म्हणणं. वाटणी झालीच नव्हती, असं कोंडिबाचं. परवाची तारीख होती.

"परवा साक्ष कुणाची होती, कोंडिबा?"

कोंडिबानं मोठ्यानं हळहळून घेतलं. "गेनबाचीच की. वैनीकडनं. देवाची करनी बघा!"

३

रतन खोलीत भिंतीला टेकून बसली होती. गालावर वळ होता. शेजारी बाजाराची पिशवी, तिच्यातून साखर सांडली होती. चाळिशीची बाई, केस कानावर पांढरे झालेले.

"तात्या खरंच गेले?" तिनं पहिला प्रश्न हा केला.

आनंदरावांच्या लक्षात आलं, गेनबाला तात्या म्हणणारी गावात ही एकटीच असावी. शेंबडं पोरसुद्धा त्याला 'ए गेनबा' म्हणायचं.

"बाई, त्या बरण्यांत काय घातलंस ते सगळं सांग. लपवशील तर मला काही करता येणार नाही."

"काय लपवू? द्राक्षाचा रस हाय. नसरापूरचा दुकानदार मागवून देतो. बाटलीवरचं वाचून घ्यावं लागतं, टिकायचं औषध घातलेला रस फुगतच न्हाई, तसाच मेल्यावानी पडून राहतो. साधा रस घ्यायचा, बरणीत ओतायचा, साखर घालायची. मडम बेकरीचं खमीर घालायची. हितं कुठलं खमीर? म्या धायटीची फुलं घालते. वैद्य नाही का आसवात घालत, तीच. तोरण्याच्या अंगाला लई हाय धायटी. तोंडाला फडकं बांधायचं आन् गार जागी ठेवायचं. बस्स. ना भट्टी, ना नवसागर. इख कुठनं येनार?"

"आणि फुगतो म्हणजे?"

"बोलतो." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काही तरी उजळलं. "दुसऱ्या दिवसापासून बुडबुड सुरू होते. विस्तवाबिगर उकळतो. मडम म्हणायची, रतन, रस बोलतो तोवर तो श्वास सोडतो, त्याच्यावर झाकण घट्ट लावू नकोस आन् आपलं तोंड जवळ नेऊ नकोस. तीन आठवड्यांनी गप होतो. गप झाला की वाइन."

"एरवी किती करतेस?"

"आठ-दहा बाटल्यांचा रस. औंदा कॅम्पात एका घरी लगीन, म्हनून सत्तर बाटल्यांचा घातला. पाच बरण्या. जन्मात एवढा कधी घातला नव्हता."

"तू पेवात उतरतेस कशी?"

"आधी कंदील. विझला तर घोंगडी सोडून खालीवर हलवायची, कोंदलेला वारा उपसायचा, पुन्हा कंदील. जळाला तरच पाय टाकायचा. तात्यांनीच शिकवलं. त्यांच्याएवढी पेवं कुणी बघितली न्हाईत." तिनं पदर तोंडाला लावला. "परवा मला भोरला कोर्टात न्हेतो म्हनले होते. तीन दिस झाले, म्या वारा उपसला न्हाई, हवालदार. रस जोरात बोलत होता, म्हटलं गप होऊ दे. ते म्या केलंय. मारायचं तर त्येच्यासाठी मारा."

आनंदराव उठले. गेनबा कशानं मेला ते त्यांना समजलं होतं. दारूनं नव्हे. पाच बरण्यांनी तीन दिवस सोडलेल्या श्वासानं, जो पाण्यासारखा पेवाच्या तळाशी साचून राहिला होता.

पण त्यानं कोडं सुटण्याऐवजी जास्तच घट्ट झालं. साऱ्या गावाला 'आधी कंदील' शिकवणारा माणूस स्वतः कंदिलाशिवाय खाली उतरलाच कसा?

४

गेनबाचं घर ओढ्यापलीकडं, बौद्धवस्तीत. दारात बायका जमल्या होत्या. बनाबाई, गेनबाची बायको, आत चुलीपाशी बसली होती आणि समोरच्या थाळीकडं पाहत होती. थाळीत दीड भाकरी, कांदा, वाटीत आमटी. तांब्या कलंडलेला, पाणी सुकून जमिनीवर डाग पडला होता.

"उचलली न्हाई म्या," ती म्हणाली. "म्या गवताला गेल्ते. आले तर ही आशी थाळी. साठ वर्सांत ह्या मानसानं भाकर टाकून उठल्यालं म्या बघितलं न्हाई. दुस्काळ बघितल्याला मानूस त्यो. आन् गाव म्हनतंय दारू प्याय गेला!"

"कधी घेत नव्हते?"

"दीक्षा घेतली तवापास्नं थेंब न्हाई. पंचशील हाय आमचं, साहेब. तुमास्नी ठावं नसंल."

आनंदरावांना ते ठाऊक होतं, पण ऐकून घेतलं. "आणि तो गंडा? मनगटाचा?"

बनाबाईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे आणि कठीण होते. "गंडा? आमच्या घरात? गंडेदोरे, ताईत, देव्हारा, समदं ह्यांनी सवताच्या हातानं नदीत सोडलं. अकरा वर्सं झाली. त्येंच्या हाताला गंडा बांधंल आसा मानूस जलमला न्हाई."

आनंदरावांना मनापासून लाज वाटली. प्रेताच्या मनगटाची सुतळी पाहून डोळे झाकून गंडा म्हणणारे ते, आणि वास येताच दारुडा म्हणणारं गाव, यात फार फरक नव्हता.

"पेवात उतरायचं काम अजून करत होते?"

"सोडलं. पाटलाच्या पेवात ह्यांचा थोरला भाऊ गेला. घाई व्हती पाटलाला, कंदील सोडू दिला न्हाई. तवा बी गाव म्हनलं, नशीब त्येचं. दीक्षा घेतली त्या सालीच ह्यांनी चावडीवर सांगितलं, आता कुनाच्या बी दान्यासाठी आमी पेवात उतरनार न्हाई. लई बोलली मानसं. पन ह्ये उतरलं न्हाईत."

"आणि साक्ष? ती द्यायला तयार होते?"

"ती देनार म्हनत व्हते. काम सोडलं पन खरं बोलायचं सोडलं न्हाई. वाटनीच्या येळंला हद्दीचं दगड ह्यांनीच रवलं. दगड कुनी बी हालवंल म्हनून खाली कोळसा पुरत्यात. त्यो कुठं पुरलाय ते ह्यास्नीच ठावं." ती थांबली. "साहेब, म्हाताऱ्याला उठवलं कुनी तरी. भाकर टाकून उठावं आसं काय सांगितलं, तेवढं मला शोधून द्या. बाकी काय नगं."

५

सर्जेराव हा कोंडिबाचा शेजारी. गेनबाला बाहेर ओढायला तोच धावला होता. बिचारा चौथ्यांदा तंबाखू मळत होता.

"हाक आली तसा पळत आलो. कोंडिबानं गळ आदीच आडकावला व्हता. म्हनला, तू मागं ऱ्हाऊन दोर वढ. म्या वढला. म्हातारं हलकं, पाखरावानी. तोंडाशी आलं तसा कोंडिबा पालथा पडला, आत वाकून त्येचा हात धरला. म्हनला, थांब, दोरी आडकलीया, इळा दे. म्या पायानं इळा सरकावला. त्यानं काय तरी कापलं आन् मंग वर घेतलं."

"कुठली दोरी कापली?"

"आडकल्याली."

"ओढायचा दोर कुठं आहे?"

पडवीतच पडला होता. आनंदरावांनी तो हातातून सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. सलग होता, कुठं काप नव्हता.

"सर्जेराव, तू आलास तेव्हा कंदील जळत होता का?"

"कंदील?" सर्जेराव गोंधळला. "कंदील तर न्हाई दिसला. आन् कोंडिबा कंदील कशाला लावंल? त्येनं दिवाळीला भोरातनं बॅटरी आनलीया. तीन सेलाची. गोठ्यात बी बॅटरी, परसाकडं बी बॅटरी. कंदील गेला म्हातारपनी, म्हनतो. तिच्या कडीला सुतळी लावून गळ्यात घालून मिरवतो गडी."

आनंदरावांनी हातातला दोर खाली टाकला. मुंग्या! गुळाला सोडून त्या खांबावर कशाला चढत होत्या, ते आता त्यांना उमगलं.

"सगळ्यांना पेवापाशी बोलाव," ते म्हणाले. "रतनलाही आणि बनाबाईलाही. कोंडिबाला सांग, तूही ये."

६

पडवीत माणसं मावत नव्हती. दिवस तोरण्याकडं कलला होता. कान दिला तर पेवातून बारीक बुडबुड ऐकू येत होती.

"आधी दारूचं बघू," आनंदराव म्हणाले. "रतनच्या बरण्या दोरीच्या शिंक्यात असतात. गळ टाकून एक वर घ्या."

सर्जेरावानं बरणी वर घेतली. आनंदराव पुढं काही बोलायच्या आत रतननं फडकं सोडलं, पेला बुडवला आणि सगळ्या गावाच्या देखत तो गढूळ जांभळा रस घटाघट पिऊन टाकला. मग दुसरा. पेला पालथा करून तिनं खाली ठेवला.

"आता बघत बसा मला," ती गर्दीला म्हणाली. "कधी मरते ते."

जे दुपारी पुढं होते ते आता मागं सरकत होते.

"गेनबाच्या तोंडाला दारूचा वास नव्हता," आनंदराव म्हणाले. "भाकरीचा घास होता. सदरा भिजलाय तो पाठीकडून, बरणीवर पडल्यामुळं. म्हणजे तो प्यायला नाही. मग मेला कशानं? कोंडिबा, तू दुपारी कंदील सोडलास तसा आता सोडून दाखव."

"आता कशाला, हवालदार?"

"रीत आहे ना बापजाद्यांची?"

कोंडिबानं कंदील लावला. दोरीला बांधला. मग खाली सोडला. काचेतली ज्योत पेवाच्या तोंडातून आत गेली, भिंतीवर पिवळा उजेड फिरला. एक हात, दोन हात. मग ज्योत बारीक झाली, वातीवरून सुटल्यासारखी उचलली गेली आणि विझली. तळ दिसलाच नाही.

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा विझला. तिसऱ्यांदाही तिथंच विझला. एका म्हाताऱ्यानं मागून 'पेवानं श्वास खाल्ला' असं म्हटलं आणि सगळ्यांना ते कळलं.

"सत्तर बाटल्यांचा रस तीन दिवस खाली बोलतोय," आनंदराव म्हणाले. "जिथं ज्योत मरते तिथं माणूसही मरतो. आता हिशेब सोपा आहे, कोंडिबा. दुपारी खाली कंदील जळत असता तर गेनबा मेला नसता. गेनबा मेला, म्हणजे कंदील जळत नव्हता. तू तर म्हणालास पार तळापर्यंत सोडला आणि त्याच्या उजेडात म्हातारा उताणा दिसला, फुटकी बरणी दिसली. तुला ते दिसलं कशाच्या उजेडात?"

रीत पाळली असं सांगितलं की गाव विश्वास ठेवेल, म्हणून कोंडिबानं कंदील सांगितला होता. आणि त्या रीतीनंच त्याचा गळा धरला.

"सर्जेराव, कोंडिबाच्या माळ्यावर चढ. मुंग्या जातील तिथं हात घाल."

सर्जेराव गेला आणि आला. त्याच्या हातात घोंगडीत गुंडाळलेली तीन सेलांची बॅटरी होती. पुसलेली होती, पण खाचाखाचांत वाळलेला गोड रस होता आणि मुंग्या त्याला लागल्या होत्या. कडीला सुतळीचा तुकडा होता, विळ्यानं सरळ कापलेला. आनंदराव प्रेतापाशी बसले, मनगटाची सुतळी सैल करून त्यांनी दोन्ही टोकं जुळवली. एकाच दोरीची दोन टोकं.

"दोन्ही हात उतरायला मोकळे राहावेत म्हणून तू त्याच्या मनगटाला बॅटरी बांधलीस," आनंदराव म्हणाले. "लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्याला तळ दिसला, तो उतरत गेला. बॅटरी विझत नाही, कोंडिबा. कंदील बिचारा आपण मरून माणसाला सांगतो, खाली येऊ नकोस. तुझ्या बॅटरीनं सांगितलं, ये."

"म्या... घाई झाली म्हनून दिली," कोंडिबा पुटपुटला. "त्येनंच मागून घेतली..."

"कशाची घाई?"

गर्दी फाकली. बनाबाई पुढं आली होती. तिनं कोंडिबाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काय सांगितलंस त्येला?" तिनं विचारलं. "भाकर टाकून उठला त्यो. दाना काडाय म्हनला आस्तास तर आला नस्ता. काय म्हनलास?"

कोंडिबानं आनंदरावांकडं पाहिलं, सर्जेरावाकडं पाहिलं. कुठंच आधार नव्हता. तो खाली बसला आणि जमिनीशी बोलल्यासारखं बोलला.

"म्हनलं... पळ गेनबा, वैनी पेवात पडली."

७

रतन पडवीच्या मेढीला धरून पेवाच्या काळ्या तोंडाकडं पाहत राहिली.

आनंदरावांना सगळं दिसलं, जणू ते तिथं होते. भर दुपार, वस्तीत माणूस नाही, सगळी बाजाराला आणि रानात. दारात धापा टाकणारा कोंडिबा. घास तोंडात तसाच ठेवून उठलेला म्हातारा, लाथेनं कलंडलेला तांब्या. पेवापाशी आल्यावर त्यानं कंदील मागितला असेल का? नक्की मागितला असेल. आणि कोंडिबा म्हणाला असेल, कंदील लावत बसलास तर ती मरंल, ही घे बॅटरी. भावाला ज्या पेवांनी खाल्लं, ज्यात पुन्हा उतरणार नाही असं चावडीवर सांगितलं, त्यातल्याच एका पेवात तो एका माणसासाठी उतरला. आणि खाली माणूस नव्हतंच, नुसत्या बरण्या बोलत होत्या. एका दगडात दोन पक्षी मारायचे होते कोंडिबाला. साक्षीदार मेला असता आणि त्याच्या मरणासाठी रतन तुरुंगात गेली असती. दोन एकरांसाठी!

जीप आली. फौजदारसाहेबांनी कोंडिबाला मागं बसवलं. मग बरण्यांकडं पाहून भुवया उंचावल्या.

"लिहा, साहेब," रतन आपणहून म्हणाली. "रस माझा, बरण्या माझ्या. जे केलं ते केलं. जो दंड, जी शिक्षा असंल ती घेईन." आनंदरावांनी ते लिहून घेतलं आणि बोलावलं की हजर राहा, असं बजावून साहेबांनी तिला घरीच राहू दिलं. आपल्या कानाडोळ्याबद्दलही दोन ओळी त्यांनी स्वतःच्या हातानं खाली लिहिल्या. न लिहिता सायकलवर बसणं त्यांना जमलं नसतं. मरणाऱ्याच्या नावापुढं त्यांनी पहिल्यांदा नुसतं गेनबा लिहिलं होतं. ते खोडून पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, श्रीयुत लावून.

पंचनामा उरकल्यावर वस्तीतली माणसं तिरडी घेऊन आली. गावातले चार-सहा जण खाली माना घालून मागं चालले. सर्जेरावानं खांदा मागितला, वस्तीतल्या एकानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग जागा करून दिली.

रतन ओढ्यापर्यंत मागं मागं गेली आणि तिथं थांबली. पुढं जायचं तोंड तिला नव्हतं. बायका पाठवणी करून परतत होत्या, त्यांत बनाबाई होती. ती रतनसमोर उभी राहिली.

"माझ्यामुळं गेले," रतन म्हणाली. "माझ्या नावानं हाक मारली म्हनून गेले. मला शिव्या दे, बनाबाई. काय तरी बोल."

"व्हय, तुज्या नावानंच गेलं," बनाबाई म्हणाली. "ते काय खोटं हाय? पन मानूस वाचवाय गेलं म्हातारं. आता गावाला बी ठावं झालं, दारू प्याय गेलं न्हाई." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "परवाची तारीख किती वाजता हाय?"

"आता कशाची तारीख? साक्ष द्यायला कोन उरलं?"

बनाबाईनं ओढ्याच्या पलीकडल्या दोन एकरांकडं पाहिलं. उन्हं गेली होती, बांधावरचे दगड अजून पांढरे दिसत होते.

"दगड ह्यांनी रवलं," ती म्हणाली. "कोळशाची पाटी माज्या डोक्यावर व्हती. कंच्या दगडाखाली किती ओंजळी घातल्या ते मला इचारा. सकाळच्या एस्टीनं निघू. दोघींची भाकर म्या बांधून घेते."